एकशे एकतिसावं घर

सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी पडद्यावरच्या चारशे बारा हिरव्या ठिपक्यांपैकी एक करडा झाला आणि तिच्या हातातला चहाचा कप तोंडापर्यंत न जाता मध्येच थांबला. ठिपके करडे होतात, रोज होतात. कुठे वीज जाते, कुठे झाडू मारताना वायर ओढली जाते, कुठे घरातला एखादा शहाणा माणूस 'हे डबडं उगाच वीज खातंय' म्हणून बटण बंद करतो. अशा वेळी प्रयोगशाळेत कुणी मानही वर करत नाही. पण हा ठिपका एकशे एकतीस नंबरचा होता. एकशे एकतीस म्हणजे बाबांचं घर. बाबांना जाऊन आठ महिने झाले होते आणि या आठ महिन्यांत त्या ठिपक्याने एक मिनिटही चुकवलं नव्हतं. माणूस गेल्यावर नातेवाईक येतात, भेटून जातात, हळूहळू यायचे थांबतात; हा ठिपका मात्र दर मिनिटाला हजेरी लावत होता, आणि ती दर सकाळी संगणक उघडल्यावर आधी त्याच्याकडे बघत होती. का बघते, हे तिला कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर तिने 'सवय' म्हणून सांगितलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं.

तिचं काम चारचौघांत सांगायचं तर पंचाईतच. ओळखीपाळखीच्या लोकांच्या घरात हाताच्या पंजाएवढी एक डबी ठेवायची, ती घरातल्या इंटरनेटला जोडायची, आणि इकडून दर मिनिटाला तिला विचारायचं, 'आहेस का?' ती म्हणते, 'आहे.' उत्तर यायला किती वेळ लागला तेवढा लिहून ठेवायचा. बस. मधल्या रस्त्यावर काय चाललंय ते कुठलीच कंपनी दाखवत नाही, आत कुणाला उभं करत नाहीत. म्हणून मग उत्तराच्या उशिरावरून ओळखायचं, की कुठे दाटी झाली, कुठे कोण कोणाला ढकलून पुढे गेलं, कोण सभ्यपणाने मागे सरकत सरकत उपाशी राहिलं. कंपाउंडच्या भिंतीला कान लावून आत कशावरून भांडण चाललंय हे सांगायचं, असलाच प्रकार. शेजारीपाजारी हे जन्मभर फुकट करतात, त्यांना कुणी पदवी देत नाही. तिला पदवी मिळाली होती, पाठोपाठ नोकरी, आणि एका न सुटलेल्या प्रश्नाची मालकी. तो प्रश्न तिच्या दारावरच्या पाटीसारखा तिला चिकटला होता. पलीकडून उत्तर आलं नाही, तर पलीकडचा मेला की नुसता सावकाश आहे? किती थांबायचं? थांबण्याचा असा एकही आकडा नाही की ज्याच्यापुढे खात्रीने 'मेला' म्हणता येईल. हे केव्हाच सिद्ध झालेलं आहे. तरी व्यवहारात कुठेतरी थांबावं लागतं आणि कुठे थांबावं यावर शेकडो लोकांची पोटं चालतात. अकरा वर्षं तिचंही त्यावरच चाललं होतं. वर्गात ती फळ्यावर दोन चौकोन काढायची, मध्ये एक बाण, आणि म्हणायची, "उत्तर नाही म्हणजे मरण नाही. हे लिहून घ्या." मुलं लिहून घ्यायची. उलट बाजूचा प्रश्न कुणी विचारला नाही. तिलाही सुचला नाही. उत्तर येतंय म्हणजे पलीकडे कुणी आहे का?

तिने दादाला फोन लावला. पलीकडे घरंगळल्यासारखे आवाज येत होते, काहीतरी जड ओढलं जात होतं.

"अगं हो, मीच काढला तुझा डबा," दादा म्हणाला. "आज किल्ल्या द्यायच्यात ना भाडेकरूंना. नवरा-बायको आलेत, खोल्या मोजतायत. तुझं ते यंत्र पिशवीत घालून ठेवलंय. पाठवू, की ये तेव्हा नेशील?"

"राहू दे तुझ्याकडे."

"माझ्याकडे काय, मी त्याची पूजा करू? लाल-हिरवं लुकलुकायचं, तेवढीच काय ती घरात हालचाल होती." मग म्हणाला, "बंद करताना कसंतरीच वाटलं, खरं सांगू का."

"बरं," ती म्हणाली. तिला आणखी काहीतरी म्हणायचं होतं, पण तिकडे कुणीतरी नळाबद्दल विचारलं आणि दादा 'ठेवतो गं' म्हणाला. दादा असाच. सगळ्या गोष्टी तो दुसऱ्या कुणाचं तरी काम अर्धवट सोडून बोलतो आणि तिसऱ्या कुणासाठी तरी संपवतो. त्याच गावात, बाबांपासून पाऊण तासावर राहून, आठवड्यातून एकदा जायचं त्याने कबूल केलेलं. पंधरा दिवसांतून एकदा जायचा आणि त्या एका वेळेत दोन वेळांचं बोलून यायचा. तिने कबूल केलं होतं रोज फोन करायचं. मग डबी बसली. बसवायला तीच गेली होती, बाबा स्टुलावर उभे राहून टॉर्च धरत होते आणि विचारत होते, "म्हणजे मी उठलो, बसलो, सगळं तुला तिकडे दिसणार?" "नाही हो बाबा, नुसतं लाइन चालू आहे की नाही तेवढंच." "मग ठीक आहे. चालूच असते आमची लाइन," बाबा म्हणाले होते, आणि स्वतःच्या विनोदावर स्वतःच हसून स्टुलावरून उतरताना तिच्या खांद्याचा आधार घेतला होता. तो हात किती हलका झालाय हे तेव्हा तिच्या लक्षात आलं होतं. पण ती वायर खोचत होती. पहिले काही दिवस ती ठिपका पण बघायची आणि फोनही करायची. मग ठिपका बघून फोन. मग ठिपका. यात ठरवून काही झालं नाही. असल्या गोष्टी ठरवून करणारा माणूस निदान एकदा तरी स्वतःला दिसतो.

शेजारच्या टेबलावरची चाळणी खुर्ची ओढत आली. चाळणी म्हणजे आकडे साफ करणारी बाई. चार महिन्यांपूर्वी लागली, चष्मा कपाळावर, चिवडायला बसली की जेवण विसरणारी. आकड्यांतली घाण तिला वासावरून कळते म्हणून सगळ्यांनी ते नाव ठेवलं, आणि तिने ते आपल्या कपावर रंगवूनही घेतलं होतं.

"ताई, एकशे एकतीस गेला."

"पाहिलं. काढून घेतलाय. परत येणार नाही."

"हात्तिच्या, मग बरंच झालं. मी विचारणारच होते तुम्हाला. हे घर मला कधीचं खुपतंय." तिने आपल्या पडद्यावरची रांग तिच्याकडे वळवली. "हे बघा, मागचे आठ महिने सपाट. म्हणजे सपाट कसलं, इस्त्री केल्यासारखं. एवढं शांत घर असतं का कुठे? कुणी राहतच नाही तिथे. आणि आपण याला माणसांच्या घरांत धरतोय. सरासरी बिघडवतंय नुसतं."

"हो. रिकामं आहे."

"मग कधीपासून? रकान्यात तारीख घालते आणि पुढचं सगळं रिकाम्या घरांत टाकते."

नियम तिनेच केलेला होता. रिकाम्या घरांतून येणारे आकडे फसवे. ते रस्त्याचा वेग फार चांगला दाखवतात, कारण त्यांच्याकडे येणारं-जाणारं कुणी नसतं. म्हणून प्रत्येक घरापुढे एक रकाना: घरात माणूस कधीपर्यंत होता. तारीख आणि वेळ. रकाना कोरा ठेवला तर भोवती लाल चौकट येते आणि पुढचं काही चालत नाही, हेही तिनेच घातलेलं. लोक आळशी असतात, कोरं ठेवतात म्हणून.

"ते माझ्या वडिलांचं घर आहे," ती म्हणाली.

चाळणीने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला, परत वर केला. "अगं बाई. ताई, मला खरंच... मी आपली इस्त्री-बिस्त्री काय बोलत बसले."

"तुला कुठे माहीत होतं. मी बघून सांगते तारीख."

तारीख बघायची काही गरज नव्हती. दाखल्यावर छापलेली होती: गुरुवार. गुरुवारी संध्याकाळी दादाने कुलूप उघडलं. डॉक्टर आले, त्यांनी गुरुवार लिहिला. ती शुक्रवारी पोचली तेव्हा बाबा झाकलेले होते आणि दादा येणाऱ्या प्रत्येकाला एकच वाक्य सांगत होता, "बुधवारपर्यंत एकदम ठीक होते हो, हिने बघितलंय ना तिकडून. पलंगावर, झोपेत. कळलंसुद्धा नाही त्यांना." लोक तिच्याकडे बघून मान हलवत होते, जणू तिने शेवटपर्यंत सेवा केली. ते वाक्य बारा दिवसांत तिने किती वेळा ऐकलं याचा हिशेब तिच्याकडे आहे, एकोणचाळीस वेळा. आणि प्रत्येक वेळी तिला आठवत होती ती बुधवारची दुपार. मीटिंग चालू होती. चार वीसला दादाचा फोन आला, तिने टेबलाखाली घेतला. "बाबा ठीक आहेत ना गं?" तिने समोरच्या पडद्यावर नजर टाकली, एकशे एकतीस हिरवा. "हो, ठीक आहेत," ती कुजबुजली. "नक्की?" "अरे हिरवा आहे, दादा. मी मीटिंगमध्ये आहे." दादाचं समाधान झालं. तिचंही झालं होतं, कारण रविवारी बाबांशी जरा वाजलं होतं. बाबा म्हणाले होते, "तू डबीला विचारतेस, मला विचारत नाहीस." ती म्हणाली होती, "झालं तुमचं सुरू." मंगळवार, बुधवार तिकडून काही आलं नाही तेव्हा बाबा फुगून बसलेत असं तिने धरलं होतं. फुगलेला माणूस दोन दिवस बोलत नाही. ठिपका हिरवा असतो. सगळं जुळत होतं. ठिपका डबीचा होता. डबीला जेवण लागत नाही, डबी पडत नाही. हे कळायला पदवी लागत नाही, आणि पदवीने कळलंही नव्हतं.

त्या आठवड्याची फाइल तिने आठ महिने उघडली नव्हती. ती कुठे आहे हे तिला बोटांनी माहीत होतं. बोटं त्या बाजूला गेली की ती चहाला उठायची. आज तिने ती उघडली. दार लोटल्यासारखी उघडली, पटकन, कुणी बघत नसताना. पडद्यावर करडी रेघ पसरली आणि तिला एकदम बाबांचा दिवस दिसला. रेघेत माणूस दिसत नाही असं तिने कितीतरी ठिकाणी लिहून दिलं होतं, घरोघरच्या लोकांकडून त्यावर सह्या घेतल्या होत्या. पण ज्याचा दिवस आपल्याला पाठ असतो त्याचा दिसतो. सकाळी आठ दहाला एक टेकडी, चार-पाच मिनिटांची: बाबा गॅलरीतल्या कुंड्यांचा व्हिडिओ पाठवतायत. त्यांच्या घरातून बाहेर जाणारी वाट अरुंद. एवढा मोठा व्हिडिओ तिच्यातून निघाला की मागे सगळं तुंबायचं आणि डबीचं 'आहे' त्याच्यामागे ताटकळत उभं राहायचं. संध्याकाळी सातला एक लांब पठार: जुनी गाणी. साडेनऊला सपाट. शनिवार, रविवार, सोमवार. रविवारी भांडण झालं तरी सोमवारी सकाळी आठ दहाला टेकडी होतीच. तो व्हिडिओ तिला आला होता. पहिले दहा सेकंद बघून तिने अंगठा पाठवला होता. कुठल्याशा रोपाला कळी आली होती वाटतं. की पान. त्यात बाबा मागून काही बोललेही असतील, पुढच्या चार मिनिटांत. तिने आपला फोन पुढे कधीतरी बदलला, ते सगळं गेलं. तिच्या धंद्यात आकडे दहा-दहा वर्षं राखून ठेवतात आणि तिने बाबांचा उशीर मिनिटामिनिटाने राखून ठेवला होता; बाबांचं बोलणं तेवढं राखलं नव्हतं.

सोमवारी सातचं पठार होतं. मंगळवारी आठ दहाला काही नव्हतं. सातलाही काही नव्हतं. रेघ जमिनीवर झोपून राहिली होती. म्हणजे मंगळवारी सकाळी, आठच्या आत. तिने स्वतःला सांगितलं, एवढंच बघायचं होतं, बंद कर. पण हात पुढे सरकत राहिला, बुधवारवर गेला, आणि बुधवारी दुपारी चार वाजून पाच मिनिटांनी एक टेकडी होती.

चार पाच ते चार नऊ. उंची तीच, सकाळच्या टेकड्यांची. फक्त त्या टेकड्या उतरताना हळूहळू उतरायच्या आणि ही कड्यासारखी तुटली होती.

खोलीत पंखा चालू होता, कुणीतरी फळा पुसत होतं. तिचं डोकं मात्र शिकवल्यासारखं चालू लागलं. या डोक्याची तिला त्या क्षणी किळस आली. टेकडी म्हणजे घरातून काहीतरी बाहेर निघालं. बाबा ज्यावर व्हिडिओ काढायचे तो फोन तिचाच जुना होता, सिमकार्ड नसलेला, फक्त घरातल्या इंटरनेटवर चालणारा. बोलायचा फोन बाहेरच्या खोलीत, तारेचा. जुना फोन आपणहून फोटो वर चढवत बसतो, माणूस नसतानाही. तेवढंच असेल. पण ती सोय तिनेच लावून दिली होती आणि बाबांची बॅटरी वाचावी म्हणून खूण केली होती: फक्त चार्जिंगला लावलेला असताना. लावलेला असेल तर फोनने आपलं आपण पाठवलं. नसेल तर कुणीतरी पाठवलं. ज्या बोटांना दोनच गोष्टी पाठ होत्या, कॅमेऱ्याचं बटण आणि तिच्याकडे पाठवायचा बाण, त्या बोटांनी. आणि चार मिनिटांनी बॅटरी संपली. पाठवायला घेतलेलं पोचलं नाही. तुटलं.

चार नऊला. अकरा मिनिटांनी ती 'ठीक आहेत' म्हणाली होती.

फोन आता बघता येणार नव्हता. दादाने तो पुसून कामवाल्या बाईंना दिला होता, त्यांची मुलगी त्यावर अभ्यास करते. उरला एकच माणूस, ज्याने दार उघडलं. त्याला एक प्रश्न विचारायचा, एवढासा. पण तो विचारला की दादाचा बुधवार जाणार होता. एकोणचाळीस वेळा सांगून घट्ट केलेलं, पलंगावरचं, झोपेतलं मरण तिला त्याच्याकडून परत घ्यावं लागणार होतं. आणि न विचारता रकान्यात गुरुवार लिहिला, तर ती रोज सकाळी इथे येऊन बसणार, आणि या तुटलेल्या कड्याखाली तिला नोकरी करायची होती, निवृत्त होईपर्यंत. तिने बराच वेळ दोन्ही बाजू तोलून पाहिल्या. कुठलीच जड होईना. शेवटी ती उठली ती तोलून झालं म्हणून नाही, बसवेना म्हणून. जिन्यात जाऊन तिने फोन लावला.

"बोल शास्त्रज्ञबाई. डबा हवाय ना परत? वाटलंच मला."

"दादा, बाबांचा फोन, तो व्हिडिओचा. तू आत गेलास तेव्हा चार्जिंगला होता का?"

पलीकडे पावलं वाजली, एक दार लागलं. भाडेकरूंचे आवाज बंद झाले.

"का गं?"

"सांग ना."

"नव्हता," दादा म्हणाला. "हातात होता त्यांच्या."

"पलंगावर?"

"पलंगावर नव्हते ते."

ती पायरीवर बसली. खालून कुणीतरी वर येत होतं, तिने पाय आवरून त्याला वाट दिली.

"गॅलरीच्या दारात," दादा म्हणाला. "पाय आत, अंग बाहेर. तीन पेपर पडले होते दारात, मंगळवारपासूनचे. डॉक्टर यायच्या आत मी ते गोळा केले आणि बाबांना उचलून ठेवलं पलंगावर. किती हलके झाले होते. मला वाटलं, तुला कळलं तर तू..."

"बुधवारी मी तुला ठीक आहेत म्हटलं."

"हो."

"मला काहीच माहीत नव्हतं, दादा. तो ठिपका डबीचा असतो. माणसाचा नसतो."

"ते मला तीन पेपर बघितल्यावर कळलंच की."

"मग तू सगळ्यांना माझं नाव का सांगत होतास? हिने बघितलंय, हिने बघितलंय..."

 दादा बोलला तो एकदम वेगळ्या, लहानपणच्या आवाजात. पतंगाच्या नादात कुणाची तरी काच फुटली तेव्हा बाबांसमोर निघाला होता तसल्या. "बुधवारी मी खालीच होतो. आपल्या घराखाली. तुला फोन केला ना, तो तिथूनच. दोन चकरा मारल्या, गाडी लावायला जागा मिळेना. मागचे लोक हॉर्न मारायला लागले. वर गेलो असतो तर तासभर अडकलो असतो, रविवारचं तुमचं भांडण ऐकत. म्हटलं, हिला विचारू. तू हिरवा म्हणालीस. मला तेवढंच हवं होतं. निघून गेलो." त्याने श्वास घेतला. "तू लाल म्हणाली असतीस, तरी मी आधी जागाच शोधत बसलो असतो."

"असं बोलू नकोस."

"आठ महिने बोललोच नाही ना. होते का गं बाबा तेव्हा? चार वाजता?"

हे त्याला नको कळायला म्हणून ती मघाशी बराच वेळ खुर्चीतच बसून राहिली होती. आणि आता दोघांत एवढी एकच गोष्ट उरली होती, जी तिला माहीत होती आणि त्याला नव्हती. ती ठेवून घेता आली असती. मोठी नव्हती, चार मिनिटांची होती.

"होते," ती म्हणाली.

पलीकडे दादा रडत नव्हता, नुसता जोरजोरात श्वास घेत होता, जिना चढून आल्यासारखा. मग दारावर टकटक झाली, कुणीतरी मीटर कुठे आहे म्हणून विचारलं, आणि दादा म्हणाला, "आलो, आलो," आणि तिला म्हणाला, "रविवारी ये. दोघंच बसू. वहिनीला मी सांगतो काहीतरी."

"येते."

ती परत आली तेव्हा चाळणीने तिच्यासाठी दुसरा चहा आणून ठेवला होता आणि त्यावर बशी झाकली होती. आपण काहीतरी मोठी चूक केली अशा चेहऱ्याने ती बसली होती.

"ताई, आज नको असेल तर राहू दे. नाहीतर अख्खं घरच यादीतून काढू. चारशे अकरा काय आणि चारशे बारा काय."

"नको काढू. लिही. बुधवार. चार वाजून नऊ मिनिटं."

"इतकं नेमकं?" चाळणीच्या तोंडून निघून गेलं. "म्हणजे, कुणी होतं का तेव्हा जवळ?"

"नाही. कुणी नव्हतं."

चाळणीने लिहिलं. लाल चौकट गेली. पुढचे आठ महिने एका फटक्यात उचलले गेले आणि रिकाम्या घरांत जाऊन पडले. उरलेली रेघ पडद्यावर जवळ आली, मोठी झाली. चाळणी त्या रेघेकडे बघत राहिली, सवयीने, डोकं जरा कलतं करून.

"आणि ताई, हे सकाळचं? रोज आठ दहाला काहीतरी वर चढतंय बघा, चार-पाच मिनिटं. अगदी रोज. गडबड म्हणून काढून टाकू का?"

"नको," ती म्हणाली. "ते मला पाठवलेलं आहे."